बंदिश बांधणारा पोरगा

आमच्या भावकीत पोरगं काय करतं असं कुणी विचारलं, की एका शब्दात उत्तर देता यावं लागतं. मास्तर आहे. पोलिसात आहे. पुण्याला कंपनीत आहे. माझ्या पुतण्याचं तसं जमत नाही. तो बंदिशी बांधतो. हे ऐकून समोरचा मान हलवतो आणि विचारतो, "ते झालं, पन पोटापाण्याचं काय?"

प्रश्न वावगा नाही. मंगळवेढ्याकडची आमची काळी जमीन, चार एकर, मालदांडी ज्वारी. पाऊस पडला तर पडला. थोरल्या भावानं त्यातलीच ज्वारी विकून पोराला मिरजेहून तंबोरा आणून दिला, तेव्हा वहिनी दोन दिवस बोलत नव्हती. भाऊ म्हणाला, "अगं, त्येचा भोपळा आपल्याच भागात पिकतो. आपलाच माल परत घरी आला म्हनायचा." वहिनीला काही हसू आलं नाही.

आता तो पुण्यात शिकवण्या करतो, कुणाला साथ करतो, एखाद्या नाटकाला चाली देतो. त्यावर भाडं निघतं. बंदिशीवर काही निघत नाही. चार गवयांनी ती गायली तरी बांधणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. फार तर ओळीत गुंफलेलं नाव राहतं. नियामत खाँ म्हटलं तर कुणी ओळखणार नाही. 'सदारंग' म्हटलं की गाणारे कान पकडतात. पोटाला पैसा आणि नावाला मुद्रा, दोन्हींचे हिशेब वेगळे.

भाऊ चिडला की पुतण्या कुमार गंधर्वांचं सांगतो. 1948 साली क्षयानं आजारी असलेले कुमारजी देवासला आले. वय तेवीस. गायला मनाई. पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर यायची. त्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग काढले, बंदिशी बांधल्या. 1965 मध्ये 'अनूपरागविलास' छापून आलं. भाऊ ऐकून घेतो आणि म्हणतो, "ते कुमार गंधर्व होते बाबा." यावर पोराकडं उत्तर नसतं. माझ्याकडंही नाही.

पण एक गोष्ट मी स्वतः पाहिली. आमच्या आईचं जातं पडवीत आहे. गिरणी आली तरी सणासुदीला थोडं दळायची. पोरगा सुट्टीला आला की भिंतीला टेकून बसायचा, हातानं जात्याचा फेरा मोजायचा. ओवी कुठं लांबते, श्वास कुठं तुटतो, खुंट्याला जोर लावताना सूर कसा वर उडतो, सगळं वहीत. त्यातून त्यानं विलंबित नव्हे, मध्यलयीतली एक बंदिश बांधली. मागच्या दिवाळीला तंबोरा लावून ओसरीवर गायला. आई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "चाल माजीच हाय. पन लई घाई केलीस. दळताना आसं पळून चालत न्हाई, पीठ जाडं येतं."

पोरगा रात्रभर तेच घासत बसला. सकाळी लय थोडी उतरवलेली. आईनं मान डोलवली, बाकी बोलली नाही.

भावानं मात्र चहा पिता पिता विचारलं, "ह्यात तुजं नाव कुठं हाय?"

"घातलं नाही."

"मग तुजी म्हनून कळनार कसं?"

"आजीची आहे," तो म्हणाला आणि बैलांना वैरण टाकायला उठला.