मुरमावरची हॉकी

दादा पडेगावात मुरमाड जागेवर हॉकी खेळे. गोलमागे जाऊन चेंडू आणण्याचे काम माझे. खड्याला लागून चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसे.

२०१३ च्या जानेवारीत हॉकी इंडिया लीग सुरू झाली. मुंबईचाही संघ होता, ‘मुंबई मॅजिशियन्स’. टी. व्ही. वर सामन्याआधी टर्फवर पाण्याचे फवारे उडत होते. ओल्या टर्फवर चेंडू सरळ घसरतो, असे दादा सांगू लागला, तोच आई म्हणाली, “एवढं पाणी भुईवर ओतायलेत! अन् आपण टँकरची वाट बघायलो.” मराठवाड्यात ते साल दुष्काळाचे. आईचे चूक नव्हते. पण दादाने टर्फचा ध्यास घेतला तो त्याच दिवशी.

२०१७ च्या अंतिम सामन्यात कलिंगा लान्सर्सने दबंग मुंबईला ४-१ असे हरवले आणि पुढे लीगच बंद पडली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. दादा तोवर वाळूजला कारखान्यात लागला होता. मी त्याला संघांची यादी वाचून दाखवली. डबा पिशवीत ठेवता ठेवता त्याने विचारले,

“मॅच किती वाजता आहे गं?”

त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती.