नीसमधला पोळा

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीस शहराच्या जुन्या भागात बोळांतून फिरताना एका दुकानातून ओळखीचा खमंग वास आला. लाकडाच्या भट्टीतून तांब्याची भलीमोठी परात बाहेर येत होती. चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल, वरून मिरपूड. नाव ‘सोका’. हाताने तोडून घास घेतला आणि वाटलं, अरे, हा तर आईचा बेसनाचा पोळा!

खात खात गारिबाल्दी चौकात पोचलो. इटलीच्या एकीकरणाचा हा नायक १८०७ साली इथेच जन्मला. १८६० साली नीस फ्रान्सला जोडलं गेलं, ते त्याला अजिबात रुचलं नव्हतं.

जुन्या गल्ल्यांतल्या पाट्यांवर फ्रेंचखाली इथली मूळची निसार्त भाषाही आहे. सोकावाल्या बाईंना विचारलं, ही बोलता का? त्या हसल्या. म्हणाल्या, “आजी बोलायची. मला कळते, पण बोलता येत नाही.”

घास घशातच अडकला. माझी नातही मराठीबद्दल हेच सांगते. घरी गेल्यावर तिला पोळा घालायला शिकवायचा, आणि शिकवताना मराठीतच बोलायचं, एवढं तिथेच ठरवलं.