स्वयंपाकघरातलं गाणं

लेकीच्या बाळंतपणासाठी व्हरमाँटला गेले, तेव्हा सामानात डिंकाचे लाडू होते, बाळंतशेपा होत्या. गाणंबिणं मनातही नव्हतं. अमेरिकेतलं हे छोटं, डोंगराळ राज्य. वस्ती उणीपुरी साडेसहा लाख. गायी, गोठे आणि मेपलची झाडं. इथं कसलं आलंय संगीत, असं मला आपलं वाटलं.

चूक माझीच. इथं १९३४ साली राज्याचा सिंफनी ऑर्केस्ट्रा निघाला. मार्लबोरोला तर १९५१ पासून उन्हाळ्यात मोठमोठे वादक तरुण मुलांना बरोबर घेऊन सराव करतात, आणि जेवताना एकमेकांना कागदी रुमालांचे गोळे मारतात म्हणे!

पण मला भावलं ते स्वयंपाकघरातलं. पूर्वी शेजारीपाजारी रात्री कुणाच्या तरी घरी जमत. टेबलखुर्च्या बाहेर काढून स्वयंपाकघरातच नाच चाले. जागा पुरेना, म्हणून फिडलवाला चक्क भांडी घासायच्या सिंकमध्ये उभा राही. (दुसऱ्या दिवशी ते घासत कोण असेल, ते सांगायला नको.)

आणि घरोघर म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी जुनी कथागीतं असत. इंग्लंड-स्कॉटलंडहून पूर्वजांबरोबर आलेली, लांबच लांब. हेलन हार्टनेस फ्लँडर्स या बाईंनी १९३० मध्ये ती गोळा करायला घेतली. गव्हर्नरची मुलगी, यजमान पुढे सिनेटर झाले. पण बाई यंत्र घेऊन खेड्यापाड्यांत, लोकांच्या घरी जाऊन बसत. आधी मेणाच्या नळकांड्या, मग तबकड्या, शेवटी टेप. १९४१ मध्ये त्यांनी हा संग्रह मिडलबरी कॉलेजला दिला. त्यातलं कितीतरी आता घरबसल्या ऐकायला मिळतं.

बाळ झोपलं की मी ऐकत बसे. शब्द निम्मे कळत नसत. पण तो थकलेला, कापरा आवाज मला ओळखीचा होता.

आमच्या आत्याबाई जात्यावर बसल्या की ओवीमागून ओवी येई. घरात टेपरेकॉर्डर होता. त्यावर आम्ही नाट्यगीतं भरली, मुलांचे बोबडे बोल भरले. "ओव्या काय, कधीही भरू," म्हणत राहिलो. १९८४ मध्ये आत्याबाई गेल्या.

लेकीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, तुला येतात तेवढ्या तरी म्हण." तिनं फोन समोर ठेवला. तीन ओव्या म्हटल्या. चौथीची पहिली ओळ आली, पुढची काही केल्या आठवेना. तेवढ्यात बाळ उठलं.