गोष्ट कोणाची?

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या स्मरणिकेसाठी आम्ही एका वृद्ध विधवेची जीवनकथा लिहिली. ऐन पावसाळ्यात पती वारला, पदरी चार लेकरे. तिने डोक्यावर भाजीची पाटी घेऊन त्यांना वाढविले. लोकांनी लेखाची वाखाणणी केली, आणि आम्हीही मनातून सुखावलो. पुढे दोन महिन्यांनी गावातल्याच एका तरुणाने त्या आजीची गोष्ट छायाचित्रासह समाजमाध्यमावर प्रसिद्ध केली. ती घरोघर मोबाइलवर वाचली गेली. सत्य सांगावयाचे तर, आम्हांस राग आला. 'ही तर आमची गोष्ट!' असे आम्ही मनाशी म्हणालो.

त्या वेळी आम्हांस २०२३ साली गाजलेले एक प्रकरण आठवले. ब्रँडन स्टँटन ह्या छायाचित्रकाराने २०१० साली न्यूयॉर्क शहरात 'ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क' हा उपक्रम सुरू केला. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचे छायाचित्र काढावे व खाली त्याचेच चार शब्द द्यावेत, एवढीच त्याची रीत. त्याच वळणावर २०१४ साली मुंबईत 'ह्यूमन्स ऑफ बॉम्बे' निघाले. ह्या संस्थेने २०२३ साली 'पीपल ऑफ इंडिया' ह्या तशाच उपक्रमावर, आपल्या गोष्टी व छायाचित्रे उचलल्याचा आरोप करून, दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. तेव्हा स्टँटन ह्यांनी जाहीरपणे सांगितले की, जी गोष्ट मी तुम्हांला क्षमा केली, तिच्यासाठी तुम्ही दुसऱ्यावर दावा लावू नये.

न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये जो आदेश दिला तो मननीय आहे. लोकांच्या गोष्टी सांगण्याची कल्पना ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे. मात्र ती गोष्ट ज्या शब्दांत व ज्या मांडणीने सांगितली, तिची नक्कल कोणी करू नये. आणि ज्याची गोष्ट, त्याने स्वतः पाठविलेल्या खाजगी छायाचित्रांवर हक्क त्याचाच.

त्या दाव्यात कोणाचे किती चुकले, हे तोलणे आमचे काम नव्हे. परंतु शुभवर्तमानातला तो निर्दय चाकर आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याचे दहा हजार तालांत धन्याने सोडले, आणि तो शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरू लागला! जीवनकथा लिहिण्याची रीत आम्ही तरी कोठून आणली? सेमिनरीत संत ऑगस्टीन ह्यांचे आत्मनिवेदन वाचले, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली. त्यांचेच ऋण घेऊन आम्ही लेखणी धरली. त्यांनी आमच्याकडे कधी हिशेब मागितला नाही.

मग आम्ही त्या तरुणाचे लिखाण शांतपणे वाचले. त्यात पावसाळा नव्हता, पाटीही नव्हती. पन्नाशी उलटल्यावर आजी आपल्या नातीच्या अंकलिपीवरून वाचावयास शिकली, आणि बाजारच्या वाटेवरील पाटी तिने प्रथम स्वतः वाचली तेव्हा ती भर रस्त्यात हसत उभी राहिली, ही हकिकत त्यात होती. आम्हांस ती ठाऊकच नव्हती.

संध्याकाळी आम्ही आजीच्या घरी गेलो. "आजी, हे तुम्ही आम्हांला का नाही सांगितले?"

"फादर, तुम्ही विचारलंत, किती सोसलंस. पोरानं विचारलं, आजी, तू हसलीस कधी? ज्यानं जे विचारलं, ते त्याला सांगितलं."

आम्ही निरुत्तर झालो. एकाच जन्मात किती गोष्टी असतात! ज्याचे ऐकणे वेगळे, त्याचे सांगणे आपोआप वेगळे होते. दुसऱ्याची नक्कल तोच करतो, ज्याला माणसासमोर बसून ऐकावयास सवड नाही. आणि गोष्ट आमची नव्हती, त्या तरुणाचीही नव्हती. ती आजीची होती. तिने ती आम्हां दोघांना थोडी थोडी विश्वासाने दिली होती.

पुढील स्मरणिकेचे काम आम्ही त्या तरुणाकडे सोपविले आहे. वाचकहो, तुमच्याही घरात एखादे म्हातारे माणूस असेल. आज रात्री जेवणानंतर त्याला एक प्रश्न विचारा. मात्र जो आजवर कोणी विचारला नाही, असा.