हाताने फिरवलेला पंखा

गडचिरोलीतला सूरजागडचा डोंगर माडिया आदिवासींसाठी ठाकूरदेवाचा, उद्योगासाठी हेमेटाइटचा. त्याचं खनिज लाल धुळीने माखलेल्या ट्रकांतून आलापल्लीच्या रस्त्याने बाहेर जातंय. मागे काय राहणार, या प्रश्नाला माझं उत्तर आहे: यंत्र दुरुस्त करणारे हात. ते कसे घडतात हे पाहायचं तर जुन्या विमानांच्या पिस्टन इंजिनासारखी शाळा नाही, आणि विदर्भाने ती पाहिलेली आहे. जानेवारी 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्रीच्या सुमाराला नागपुरात एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळपर्यंत विमानं आपापल्या शहरी परतायची. श्रेय आपण वैमानिकांना देतो. पण प्रत्येक डाकोटाला प्रॅट अँड व्हिटनीची दोन इंजिनं, एकेका इंजिनाला 14 सिलिंडर आणि 28 स्पार्क प्लग. चार विमानांचे मिळून 224 प्लग. ते साफ ठेवणाऱ्यांची नावं कुठल्याच टपाल तिकिटावर आली नाहीत.

या इंजिनात सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले असतात. विमान काही तास उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठतं. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोचे स्विच बंद असल्याची खात्री करून मेकॅनिक पंखा हाताने सावकाश फिरवतो, एकामागून एक पातं. पंखा अडला तर थांबायचं. जोर लावायचा नाही, उलटाही फिरवायचा नाही. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. जबरदस्ती केली तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि तो वाकलेला रॉड पुढे कधीतरी ऐन उड्डाणात तुटू शकतो. खालचे प्लग काढायचे, तेल निथळू द्यायचं, मग पुन्हा फिरवून पाहायचं. पुस्तकात हा नियम दोन ओळींचा आहे. पण कॉम्प्रेशनचा नेहमीचा दाब कुठे संपतो आणि तेलाचा अडसर कुठे सुरू होतो, हे तळहातालाच कळतं आणि शेजारी उभं राहून शिकवणारा कोणी असला तरच कळतं.

जेट इंजिन याहून कितीतरी भरवशाचं आहे, मग हे जुनं कशाला, असं कोणी विचारेल. भरवशाचं आहे, यात वाद नाही, आणि प्रवासी विमानांना पुन्हा पिस्टन लावा असं मी म्हणत नाही. पण शिकणाऱ्याला जुन्या इंजिनात कारण आणि परिणाम हाताच्या अंतरावर दिसतात: काजळलेला प्लग, गाळणीत सापडलेला धातूचा कण, ढिली पडलेली लॉकिंग वायर. मग संग्रहालयात ठेवा की, हा दुसरा आक्षेप. बंद इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ओल शिरते, गंज चढतो. चालू राहिलेलं इंजिनच माणसांना कामाला लावतं. 15 ऑक्टोबर 1982 रोजी 78 वर्षांच्या जेआरडी टाटांनी कराची ते जुहू हा आपला 1932 चा हवाई टपालाचा प्रवास पुन्हा केला, तो तीसच्या दशकातल्या लेपर्ड मॉथ विमानातून. त्याचं इंजिन जाणणारे हात तोवर शाबूत होते, म्हणूनच.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खरा आहे: ज्या भागात दवाखाना गाठणंच अवघड, तिथे विमानाच्या इंजिनाचं कौतुक कोणाला? पण खाणीतले डंपर, ड्रिल मशीन, कॉम्प्रेसर, गावातले ट्रॅक्टर ही सगळी पिस्टनचीच भावंडं आहेत. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, मॅग्नेटो नसतो. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग मात्र तेच. स्थानिक पोरांना डंपरचं फक्त स्टिअरिंग मिळालं आणि इंजिन उघडायला बाहेरचा माणूस आला, तर तो रोजगार अर्धाच. हवाई दलाचं मेंटेनन्स कमांड नागपुरात आहे. उड्डाणातून बाद झालेलं एखादं पिस्टन इंजिन आणि ते शिकवणारा एखादा निवृत्त मेकॅनिक, एवढं त्याने गडचिरोलीतल्या आयटीआयला द्यावं. ते बाकावर उघडं ठेवावं आणि पोरांना पंखा हाताने फिरवू द्यावा.