लाल फुली

मास्तरकीत मी हजारो फुल्या मारल्या असतील. पण मनात सलते ती एकच.

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याकडची आमची शाळा. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यामुळे छापील अक्षरावर श्रद्धा जरा अधिकच! आठवीच्या मुलांकडून मी सजीवांचे वर्गीकरण पाढ्यासारखे घोकून घेतले होते: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. दिवाळीपूर्वीच्या चाचणीत विचारले, 'निशाचर पक्ष्याचे नाव लिहा.' मागच्या बाकावरच्या एका पावरा मुलाने लिहिले, 'घुबड. पण आमच्या रानातले एक लहान घुबड दिवसाच शिकार करते.' मी लाल फुली मारली, आणि वर्गात वाचून दाखवून सर्वांना हसवलेही. तो मान खाली घालून बसला.

सुट्टीत जुनी मासिके चाळताना वनपिंगळ्याची हकीकत हाती लागली. १८७३ साली ह्यूमसाहेबांनी या पक्ष्याचे वर्णन केले. १८८४ नंतर तो दिसेना. जाणकारांनी तो नामशेष झाला असेच धरले. एकशे तेरा वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो पुन्हा दिसला. कुठे? शहाद्याजवळच्या रानात, आणि तोही दिवसाउजेडी! आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो त्यानंतर, १९९८ साली. पंडितांनी आधी या पक्ष्याची प्रजाती वेगळी मानली, मग त्याला साध्या पिंगळ्याच्या प्रजातीत आणून बसवले. म्हणजे थोरांनाही खाडाखोड चुकली नव्हती. मला मात्र माझ्या फुलीची केवढी खात्री!

सुट्टी संपली. त्याचा बाक रिकामा होता. घरची माणसे ऊसतोडीला गुजरातेत गेली होती, त्यांच्याबरोबर तोही. मी पेपर जपून ठेवला. लाल शाई पुसता येईना, म्हणून शेजारी 'बरोबर' लिहून पूर्ण गुण दिले.

होळीला तो परतला. पेपर हाती देऊन, साऱ्या वर्गासमोर मी म्हणालो, "चूक माझी होती रे." तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मी विचारले, "मला दाखवशील तो पिंगळा?"

"दाखवला असता, गुरुजी," तो हळूच म्हणाला, "पण त्याच्या ढोलीचं झाड तोडलं. आता तो कुठं राहतो, मलाबी ठाऊक नाही."

अधिवासाचा धडा मी त्या दिवशी शिकवला नाही, शिकलो.