एक तांब्या पाणी

आपल्या घरात मोजमापाला काय कमी? सोने गुंजभर कमी भरले तर सोनाराशी दोन शब्द होतात. दूध पातळ दिसले की गवळ्याची खैर नसते. 1958 साली मेट्रिक वजने येऊ लागली, तेव्हा शेर-छटाकांत जन्म गेलेल्या आज्यांनी किलोच्या वजनाकडे कितीतरी दिवस संशयाने पाहिले होते. आणि दिवसातून आठ-दहा वेळा जे पोटात जाते, त्या पाण्याचे माप? ते काम आपण बिनपगारी जिभेवर सोपवून मोकळे होतो. चवीला बरे लागले की चांगले आणि स्वच्छ दिसले की शुद्ध!

जिभेचा हा कारभार किती भरवशाचा, ते पाहायचे असेल तर बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात जावे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा नदी आणि मध्ये काळ्याभोर जमिनीचा पट्टा. सोनाळ्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी विहिरीचे पाणी गोडे. तिथे संत्र्याच्या बागा दिसतात. तिथून पूर्णेकडे उतरू लागलो की पाणी आधी मचूळ होते, मग खारे. बागा मागे पडतात आणि पावसाच्या भरवशावरची कपाशी आणि तूर सुरू होते. हाच तो खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर साचले, त्यात क्षार अडकले आणि त्यांना वाहून जायला वाटच मिळाली नाही.

याच जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने बेसाल्टच्या खडकात सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला आणि त्यात खारे पाणी साचले. ते पाहायला जगभरचे शास्त्रज्ञ येतात. पूर्णाकाठच्या विहिरीतले खारे पाणी पाहायला कोण येणार? ते प्यायला लागते, एवढाच त्याचा विशेष.

माझी आत्या त्या भागात दिली आहे. तिच्या घरचा पहिला तांब्या तोंडाला लावला की शहरच्या माणसाचा चेहरा बदलतो. आत्या हसते. "आमाले त काहीच खारं लागत नाही बापू. तुमचं पुण्याचं पाणीच पानचट लागते!" यात खोटे काही नाही. आपल्या लाळेतही मीठ असते, पण ते कधी जाणवते का? जे सतत जिभेवर असते त्याची दखल घेणे जीभ सोडून देते. म्हणजे ज्याला ते पाणी रोज प्यावे लागते, त्याचीच जीभ साक्षीला उभी राहत नाही.

स्वयंपाकघर मात्र साक्ष देते. आत्याच्या चुलीवर तुरीची डाळ शिजता शिजत नाही. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतात. मग चिमूटभर सोडा पडतो, डाळ मऊ होते, पण तिच्यातले ब-1 जीवनसत्त्व बरेचसे नाहीसे होते. साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या बुडाशी पांढरी खपली धरते. ती खपली म्हणजे पाण्याने स्वतःच लिहून ठेवलेला हिशेब.

तो आपणही मांडून पाहू. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले पदार्थ लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावे. 2000 मिलिग्रॅम म्हणजे 2 ग्रॅम, जुन्या तोळ्याचा सहावा भाग. असे पाणी दिवसाला तीन लिटर प्यायले, तर महिन्याला 180 ग्रॅम आणि वर्षाला दोन किलोंहून अधिक क्षार पोटात जातात. सगळे काही जेवणातले मीठ नव्हे, हे खरे. पण वाण्याने दोन किलोंची पुडी हातात ठेवून "ही यंदाची" म्हटले, तर कोण घेईल?

पाणी उकळून हे जात नाही. उलट वाफ निघून जाते आणि क्षार मागे राहतात. तुरटीने गढूळपणा बसतो, खारेपणा नाही. आणि बाजारात मिळणारा तो पेनाएवढा मीटर क्षारांचे वजन करीत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहून तो अंदाज सांगतो. फ्लोराइड किंवा नायट्रेट किती, हे त्याला वेगळे सांगता येत नाही.

आता जिवाशी येणारी गोष्ट. या भागात मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण फार. आत्याच्या आळीतला एक तरणा शेतकरी आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करून घ्यायला अकोल्याला जातो. तो दिवस मजुरीतून गेला, बरोबर येणाऱ्या भावाचाही गेला. गावचे लोक सगळा बोल पाण्याला लावतात. डॉक्टर मधुमेह, रक्तदाब, उन्हात राबताना पाणी कमी पिणे, अंगदुखीसाठी मनाने घेतलेल्या गोळ्या, हेही विचारतात, आणि विचारावेच. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटरच बाहेर टाकतात. असा हा राबता नोकर कुरकुर करीत नाही. त्याची जवळजवळ निम्मी शक्ती संपेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिनसुद्धा पुष्कळदा ठीकच दिसते. जीभ गप्प, मूत्रपिंडही गप्प!

वान धरणाचे गोडे पाणी नळाने या गावांकडे आणले आहे. नळाला पाणी येते त्या दिवशी आत्या आधी पिण्याचे माठ भरते, विहिरीचे पाणी धुण्या-सारवण्याला ठेवते. नळ कोरडा असला की विकतचा जार, आणि तो परवडला नाही तर पुन्हा विहीर.

2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले. आत्याची सून त्या पाचांतली एक. ओसरीवर काचेच्या नळ्या मांडून, थेंब मोजून टाकीत ती पाण्याचा रंग कार्डावरच्या रंगाशी ताडून पाहते. मागच्या खेपेला आत्या शेजारी बसून म्हणाली, "एवढं काय पाहतं वो? मी चाखून सांगतो ना." सुनेने मान वर केली नाही. "थांबा आत्याबाई, सातवा थेंब हाय," म्हणाली आणि वहीत आकडा लिहिला.